पुलापलीकडे गेलेला कॉम्प्युटर

"जेवढं विचारलं तेवढंच." एवढं बोलून बाई उजव्या हाताचं बोट हवेत धरायच्या आणि समोरचा गप्प होईपर्यंत ते खाली घ्यायच्या नाहीत. फळ्यासमोर तसंच, शिक्षकांच्या खोलीत तसंच, एसटीतही तसंच. एकदा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "वर्गात किती मुलं?" बाई म्हणाल्या, "चाळीस." "सगळी हजर?" "नाही." "का नाहीत?" "ते नसलेल्यांना विचारा." साहेब हसले, मुख्याध्यापकांना घाम फुटला. बाईंना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. प्रश्न होता, उत्तर दिलं.

तुमच्याही शाळेत अशी कोणी असणारच. व्हरांड्याच्या टोकाला तिचं पातळ दिसलं की मुलं आपोआप रांगेत यायची, आणि पंचवीस वर्षांनी तीच मुलं तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. आमच्या बाई गणिताच्या. शाळा रोह्याला आणि आम्ही दोघी राहायला पेणला. मी हिंदी शिकवायची, वयानं बरीच लहान. वडखळ, नागोठणे करत जाणाऱ्या त्या एसटीत मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसले. रस्ता तेव्हाही खराब होता, आताही आहे. मधल्या काळात फक्त आमच्या कमरा बदलल्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय त्या सांगणाऱ्या नव्हत्या.

शाळेत कॉम्प्युटर आला तो एका सरकारी योजनेतून. तेव्हा रोह्यात तो कोणी पाहिलेलाही नव्हता. आतासारखा वेगळा पडदा आणि वेगळा डबा असं काही नव्हतं. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र. ते टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून घ्यायचा. गाण्यांची असते तशीच कॅसेट, फक्त लावली की त्यातून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. बाकीच्या मास्तरांनी त्याला नमस्कार केला आणि कपाटात ठेवायला सांगितलं. बाई प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली.

ते यंत्र बाईंच्याच स्वभावाचं होतं. बरोबर लिहिलं तर काम करायचं, चुकलं तर पडद्यावर एकच शब्द यायचा, 'मिस्टेक'. काय चुकलं, कुठं चुकलं, काही नाही. मुलं वैतागायची. बाई खूश. "बघा," बोट वर करून म्हणायच्या, "जेवढं विचारलं तेवढंच."

त्या यंत्रावर सगळ्यात लवकर हात बसला तो शमीमचा. ही नदीपलीकडच्या अष्टमी गावची मुलगी, कुंडलिकेचा पूल ओलांडून चालत यायची. वडील कुवेतला, घरात आई आणि चार बहिणी. हिनं एक प्रोग्रॅम लिहिला. आज घरची भांडी कोण घासणार, ते कॉम्प्युटरनं ठरवायचं. चौघींची नावं आत घातलेली, बटण दाबलं की त्यातलं एक नाव पडद्यावर येणार. वर्गात सगळ्यांनी दाबून पाहिलं, टाळ्या वाजल्या. बाईंनी मात्र दोन-चारदा दाबलं, आणखी दोन-चारदा दाबलं, आणि मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "शमीम, तुझं नाव येतच नाही."

शमीम खाली मान घालून म्हणाली, "बाई, ते आतच नाय टाकलेलं."

त्या दिवशी परतीच्या एसटीत बाई नागोठण्यापर्यंत मधेमधे एकट्याच हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, दहावीची परीक्षा झाली न झाली, तोच शमीमचं लग्न झालं. आम्ही दोघी गेलो होतो. मांडवात दिवे होते, बिर्याणी चांगली होती, आम्ही जेवलो, आहेर दिला आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून लवकर निघालो. शाळेतला कॉम्प्युटरही त्यानंतर फार टिकला नाही. बाई आईच्या आजारपणासाठी रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा कपाटात लेझीम आणि डंबेल्स होते. यंत्र भंगारात गेलं होतं. बाईंनी किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि तासाला निघून गेल्या.

मग पुष्कळ वर्षं गेली. त्या निवृत्त झाल्या, मागून मीही झाले. पेणमध्येच असल्यामुळे दर दोन-चार दिवसांनी माझी त्यांच्याकडे फेरी असायची. गुडघे, डोळे, गॅस सिलिंडर, कोण गेलं, कोण अमेरिकेहून आलं. म्हाताऱ्या बायकांचं बोलणं असतं तेवढंच आमचंही.

गेल्या वर्षी एका दुपारी मिलिंद आला. शमीमच्याच वर्गातला. आता पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, डोक्यावर केस नाहीत. हातात एक देखणं खोकं. त्यांच्या तुकडीनं मिळून बाईंसाठी भेट मागवली होती. बाईंनी खोकं उघडलं आणि मी जागेवरून उठून बघायला गेले. तोच आपला शाळेतला कॉम्प्युटर! तोच रंग, तीच बटणं, कडेची ती लाल पट्टीसुद्धा.

"नवा आहे बाई," मिलिंद म्हणाला. "हल्ली जुने कॉम्प्युटर पुन्हा तसेच्या तसे बनवतात. हौशी लोक घेतात. बाहेरून मागवलाय."

"किती पडला?"

"बाई, भेटीची किंमत विचारतात का?"

बोट वर गेलं. पन्नाशीच्या मिलिंदनं मुकाट आकडा सांगितला. त्या पैशात चांगला मोठा फ्रिज आला असता. बाईंचा फ्रिज किती वर्षांचा आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाईंनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं. "हलकंय रे."

"आत काही नाहीच ना. बोटाएवढी एक पट्टी आहे, तिच्यातच सगळं बसतं. बाकी पोकळ."

"म्हणजे पोकळ डब्याचे एवढे पैसे?"

"डबा हुबेहूब केलाय बाई. बटणं दाबून बघा. हाताला अगदी तसंच लागतं. त्याचेच तर पैसे."

"आणि आत जे चालतं ते?"

मिलिंद खोटं बोलणाऱ्यातला नाही. "ते मोबाईलवरही चालतं," तो म्हणाला. "फुकट मिळतं."

"मग?"

"मोबाईलवर चालवलं तर तुम्ही आठवत नाही, बाई."

यावर बाईंनी त्याला कोकम सरबत दिलं. वर पोह्याचे पापड भाजून दिले आणि निघताना त्याच्या टकलावर हातही ठेवला. तो गेल्यावर दार लावून म्हणाल्या, "मुलगा गुणी आहे. व्यवहार कळत नाही."

पण यंत्र त्यांनी टीव्हीला जोडलं. मी जायची तेव्हा समोर बसलेल्या असायच्या. पाढे लिहून बघ, वर्तुळ काढून बघ, असं काहीबाही चाललेलं असायचं. मला वाटलं, बरं झालं, विरंगुळा झाला. एकदा मी तसं म्हटलंही.

"विरंगुळा कसला?" बाई म्हणाल्या. "यात एक खोट आहे."

"चालत नाही का नीट?"

"लगेच चालतं. हीच खोट. शाळेत कॅसेट लावली की तो चिरका आवाज संपेपर्यंत बसून राहावं लागायचं. आठवतंय ना? तेवढ्या वेळात करायला काही नसायचं, म्हणून मुलं बोलायची. फळ्यासमोर तोंड न उघडणारी पोरं त्या आवाजात बोलायची. शमीम बोलायची." त्यांनी बटण दाबून टीव्ही बंद केला. "तिनं मला सांगितलं होतं. घरी लग्नाचं चाललंय, मला पुढं शिकायचंय, असं म्हणाली होती. मी म्हटलं, बघू."

त्या यंत्रावर फडकं घालायला लागल्या.

"बघू म्हटलं आणि लग्नाला जाऊन जेवून आले."

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गणित मांडावं तसा. पण मी निघाले तेव्हा त्या 'सांभाळून जा' म्हणायचं विसरल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी यंत्र खोक्यात भरलं, खोकं कापडी पिशवीत घातलं आणि मला म्हणाल्या, "अष्टमीला जायचंय. तू येतेस?" इतक्या वर्षांनी पुन्हा आम्ही रोह्याच्या एसटीत बसलो. पिशवी बाईंच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर ठेवा की." बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

घर शोधायला त्रास झाला नाही. पूल उतरल्यावर एका दुकानदाराला विचारलं, त्यानं गल्ली दाखवली. शमीम ओट्यावरच बसली होती. अंगानं सुटलेली, डोक्यावर ओढणी, पाय लांब केलेले. आम्हाला पाहून तिनं आधी डोळे बारीक केले, मग उठायची इतकी घाई केली की भिंत धरावी लागली.

"बाई! तुम्ही? अल्ला! अगो, पाणी आन आधी, आमच्या बाई आल्यात!"

पाणी आलं, मागून चहा आला, चहाबरोबर नानकटाई आली. नवरा कुवेतहून कायमचा परतलेला होता. अदबीनं बोलला, तब्येत विचारली आणि बाहेर निघून गेला. मुलगा आता त्याच्या जागी तिकडे. सून घरात, दोन नातवंडं शाळेत. एवढं सगळं कळून झाल्यावर बाईंनी पिशवीतून खोकं काढलं.

"ह्यो काय? आपल्या शाळेतला?"

"त्याच्यासारखा. तुझ्या वर्गातल्यांनी मला दिला. मी तुला देतेय."

"मला? मी काय करू ह्याचं?" शमीम खरोखर घाबरल्यासारखी मागं सरकली. "नको बाई. लय महाग असंल. पोरं फोडतील."

"फोडू देत."

सुनेनंच तो टीव्हीला जोडून दिला. शमीम खुर्चीवर टेकली, हात ओढणीला पुसले आणि बटणांवर बोटं ठेवली. पहिल्याच ओळीला 'मिस्टेक' आलं. ती इतकी मोकळी हसली की मला क्षणभर व्हरांड्यातली दोन वेण्यांची मुलगी दिसली. "अजून तसाच खडूस हाय!" मग बाई खुर्चीमागं उभ्या राहिल्या. सांगितलं काही नाही, नुसतं चुकलेल्या जागेवर बोट ठेवत गेल्या. शमीमला आपोआप आठवत गेलं. काय लिहितेय ते मला कळत नव्हतं, बाईंना कळलं होतं.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आलं, 'शमीम'. पुन्हा दाबलं. 'शमीम'. दाबत राहिली आणि एकाखाली एक तेच नाव येत राहिलं.

"या खेपेला घातलंस तुझं नाव," बाई म्हणाल्या.

"दुसरं कुणाचं घालू? थोरली वारली, बाकी तिघी आपापल्या घरी. आता भांड्याला मीच हाय."

आतून सून ओरडली, "अम्मी, मी पन घासते हां! उगाच बाईंना काय पन सांगू नका!"

आम्ही सगळ्या हसलो. बाई नाही हसल्या.

"शमीम," त्या म्हणाल्या, "लग्नात मी तुला भांडीच दिली होती."

"व्हय. स्टीलचा डबासेट न् सहा ताटं. हायत ना अजून. चांगली निघाली बाई, पोचा पन नाय आला."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. "मी तुझ्या अब्बांशी बोलायला पाहिजे होतं."

"ते कुठं ऐकणार व्हते?"

"ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही त्यांना."

शमीम पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही मांडवात आलात ना, तवा मला आतून दिसलात. मला वाटलं, आता बोलतील. मी जेवणं उठेपर्यंत बघत व्हते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. बाईंनी तिच्या डोक्यावरची घसरलेली ओढणी नीट केली, एवढंच.

इथं ही गोष्ट संपली असती तर सांगायला बरी होती. शमीम पन्नाशीत पुन्हा कॉम्प्युटर शिकली, पोरांचे क्लास घेऊ लागली, असं काहीतरी तुम्हाला सांगता आलं असतं. तसं झालं नाही. बाई दर शुक्रवारी अष्टमीला जायला लागल्या, बहुतेकदा मीही बरोबर असायची. सुरुवातीला दोघी बसायच्या. नातवंडांच्या नावाचा एक खेळ केला, एक बेरजांचा केला. मग टीव्हीवरून घरात कुरबूर व्हायला लागली. मालिकेची वेळ, क्रिकेट, काही ना काही. मग शमीमचे डोळे दुखायला लागले. एका शुक्रवारी तिनंच सांगून टाकलं, "बाई, रागवू नका. मला नाय आवडत आता. तवा आवडत व्हतं, लय आवडत व्हतं. आता बसले की कधी उठते असं व्हतं."

बाईंनी मान हलवली. "बरं. ठेव वर."

यंत्र कपाटावर गेलं. बाईंचं जाणं थांबलं नाही. आता बसून गप्पा व्हायच्या, चहा व्हायचा. शमीम सुनेच्या तक्रारी सांगायची, सून शमीमच्या सांगायची. बाई दोघींचंही ऐकून घ्यायच्या आणि कुणालाच काही उपदेश करायच्या नाहीत.

मिलिंदला त्यांच्या ग्रुपवर टाकायला बाईंचा कॉम्प्युटरसोबत फोटो हवा होता. बाईंनी फोनवर खरं ते सांगितलं. तो दुखावला. पलीकडचा त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाई, ते खास तुमच्यासाठी घेतलं होतं. आणि आता नुसतं कपाटावर पडलंय? एवढं महागाचं!"

"महाग होतंच," बाई म्हणाल्या. "मी त्या दिवशीच म्हटलं होतं."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "वाया गेलं असं वाटतं का तुम्हाला?"

त्या खूप दमलेल्या दिसत होत्या. हल्ली दिसायच्याच. म्हणाल्या, "पेणहून अष्टमीला एसटी जाते. तिकीट काय असतं? पण मला जायला तोंड नव्हतं. हातात ते खोकं होतं म्हणून गेले. आता तू कर हिशोब. मला जमत नाही."

गणिताच्या बाईंच्या तोंडून हे ऐकायची मला सवय नव्हती.

पावसाळ्यानंतर त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण एकटं राहायचं संपलं. नागपूरचा भाचा गाडी घेऊन आला. चांगला आहे, मावशीला आईसारखं बघतो. आवराआवर करायला फार काही नव्हतंच. गाडीत पुढच्या सीटवर बसवल्यावर पट्टा लावायचा की नाही यावरून दोघांची जुंपली. काच वर होती, त्यामुळे मला नुसते ओठ दिसत होते. शेवटी बाईंनी पट्टा लावून घेतला आणि समोर बघत बसल्या. गाडी हायवेकडे वळली. त्यांनी मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला अवघड गेलं असतं, हे त्यांना ठाऊक असणार.

फोन होतात. हल्ली त्यांना नावं पटकन सापडत नाहीत. एकदा मला त्यांनी माझ्याच बहिणीच्या नावानं हाक मारली.

इकडे शमीमचा फोन आला. "बाई नसल्या म्हनून काय झालं? तुम्ही येत जा ना." म्हणून मी जाते. प्रत्येक शुक्रवारी नाही जमत, पण जाते. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला तसा विषय नाही. परवा गेले तेव्हा ती ओट्यावर भिजून मोड आलेले वाल सोलत होती. मीही पातेलं पुढ्यात ओढलं. बोटांनी दाबलं की दाणा सुटतो, साल हाताला चिकटून राहते. आत टीव्ही चालला होता.

सोलून झाल्यावर तिनं एक लहान डबा घेतला आणि त्यात वाल भरायला लागली.

"बाईंना पाठवता येतील का?"

"नागपूरला पोचेपर्यंत आंबतील गं," मी म्हटलं.

"व्हय, आंबतीलच," ती म्हणाली. आणि डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून लावलं, नि माझ्या पिशवीत ठेवून दिला.